जुने कथाप्रधान गेम: साध्या लॅपटॉपवर काय खेळावं आणि कसं निवडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात चार-पाच वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. कादंबऱ्या वाचायची आवड आहे. शाळेत असताना सायबर कॅफेत व्हाइस सिटी आणि आयजीआय खेळून झालेत. आता रात्री जेमतेम तासभर मिळतो. तर खरोखर चांगली गोष्ट असलेले जुने गेम कोणते घ्यावेत, आणि ते नव्या विंडोजवर चालतील का?

चालतील. लॅपटॉपची काळजी करू नका. १९९० ते २००५ या काळातला बहुतेक कुठलाही गेम त्याच्या ताकदीपुढे किरकोळ आहे. घोडं अडतं ते निवडीपाशी. ‘सर्वोत्तम कथा असलेले गेम’ अशी यादी बघून माणूस पहिल्या क्रमांकाचा गेम घेतो, दोन संध्याकाळी रेटतो आणि सोडून देतो. गोष्ट उत्तमच असते, पण तिच्यापर्यंत पोचायला जे करावं लागतं ते त्याच्या स्वभावात बसत नाही. म्हणून गोष्टीच्या दोन प्रसंगांच्या मधे हा गेम आपल्याला काय करायला लावतो, हे आधी बघा. खेळण्यातला ऐंशी टक्के वेळ त्या मधल्या कामात जातो.

ही कामं साधारण चार प्रकारची. वस्तू गोळा करून कोडी सोडवणं. भरपूर मजकूर वाचून उत्तरं निवडणं. आळीपाळीने चालणारी लढाई, जिथे तुमचा डाव येईपर्यंत आणि आल्यावरही सगळं थांबून राहतं. आणि हाताच्या चपळाईची लढाई, जिथे काहीच थांबत नाही. कोणताही गेम घेण्याआधी त्याची जाहिरात न बघता कुणीतरी पूर्ण खेळलेल्याचा व्हिडिओ शोधा आणि तिसऱ्या तासाच्या सुमाराची पंधरा मिनिटं बघा. सुरुवात प्रत्येक गेमची घासूनपुसून केलेली असते. तिसऱ्या तासाला तो खरा कसा आहे ते कळतं. शेवटाकडचं मात्र बघू नका.

इंग्रजीचा मुद्दाही इथेच घेतो, कारण या गेमांच्या मराठी आवृत्त्या नाहीत. वाचण्यासाठी लिहिलेला मजकूर आणि नुसतं कानावर पडणारं संभाषण यांत मोठा फरक आहे. पुढे ज्यांच्याबद्दल सांगणार आहे त्या प्लेनस्केप किंवा फॉलआउटमधला मजकूर तुम्ही वाचून होईपर्यंत पडद्यावर थांबतो, शब्द अडला तर शब्दकोश उघडता येतो. याउलट १९९८ चा हाफ-लाइफ: गोष्ट सांगण्याची त्याची पद्धत क्रांतिकारक होती, पण शास्त्रज्ञ चालताचालता बोलतात आणि खाली अक्षरं येत नाहीत. अमेरिकी उच्चार कानाला सवयीचे नसतील तर सबटायटल्स आहेत की नाहीत हे विकत घेण्याआधी तपासा.

सुरुवात फुकटात करा

पहिला गेम म्हणून ‘बिनीथ अ स्टील स्काय’ घ्या. ब्रिटनच्या रिव्होल्यूशन सॉफ्टवेअरचा १९९४ चा गेम, चित्रांकन ‘वॉचमेन’ या चित्रकथेचे चित्रकार डेव्ह गिबन्स यांचं. २००३ मध्ये कंपनीने तो अधिकृतपणे मोफत केला. भविष्यातलं एक कोंदट शहर, तिथे पकडून आणलेला रॉबर्ट फॉस्टर आणि जोई नावाचा तोंडाळ रोबो. सहा-आठ तासांत संपतो, कोडी बहुतांशी सरळ आहेत, आणि या जातीचे गेम आपल्याला मानवतात का ते एक रुपया न घालवता कळतं.

तो चालवायला स्कमव्हीएम नावाचा मोफत प्रोग्रॅम लागतो. तो जुन्या गेमच्या फक्त माहितीच्या फाइली वापरतो आणि मूळ प्रोग्रॅमची जागा स्वतः घेतो. त्यामुळे विंडोज १० असो की ११, मूळ गेम डॉस या जुन्या प्रणालीसाठी होता याने काही फरक पडत नाही. अँड्रॉइड फोनवरही तो चालतो. पद्धत अशी: स्कमव्हीएमच्या संकेतस्थळावरून प्रोग्रॅम उतरवा, तिथल्याच मोफत गेमांच्या पानावरून गेमची झिप फाइल घ्या, ती वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडा, मग स्कमव्हीएममध्ये ‘ॲड गेम’ दाबून तो फोल्डर दाखवा. गेम तो स्वतः ओळखतो. ओळखला नाही तर नव्वद टक्के वेळा फोल्डरच्या आत आणखी एक फोल्डर असतो आणि तुम्ही बाहेरचा दाखवलेला असतो.

दोन सेटिंग लगेच बदला. ग्राफिक्समध्ये ‘आस्पेक्ट रेशो करेक्शन’ चालू करा. त्या काळातली चित्रं ३२० बाय २०० ठिपक्यांची असत, पण काचेच्या मॉनिटरवर ती उभी ताणली जाऊन चारास तीन या प्रमाणात दिसत. आजच्या पडद्यावर ठिपका चौरस असल्यामुळे ही दुरुस्ती न केल्यास सगळी माणसं बुटकी आणि रुंद दिसतात. दुसरं, आवाज आणि अक्षरं दोन्ही चालू ठेवा आणि अक्षरांचा वेग कमी करा. कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबलं की सेव्ह करण्याचा मेनू कुठल्याही गेममध्ये उघडतो.

हा आवडला तर पुढे लुकासआर्ट्सचे गेम घ्या: ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (१९९०), ‘इंडियाना जोन्स अँड द फेट ऑफ अटलांटिस’ (१९९२), ‘डे ऑफ द टेंटॅकल’ (१९९३). इंडियाना जोन्समध्ये सुरुवातीच्या भागानंतर तीन वाटा फुटतात: सोफिया या साथीदारणीला सोबत घेऊन, एकट्याने डोकं चालवून, किंवा ठोसे मारत. सोफियासोबतची वाट निवडा, गोष्ट तिच्यातच फुलते. मंकी आयलंडचा विनोद बराचसा इंग्रजी शब्दखेळावर चालतो. त्यातली तलवारबाजी तर हातघाईवर नसून टोमणे आणि चोख उत्तरं यांवर जिंकायची असते. इंग्रजी विनोद सहज पचत असेल तरच त्याने सुरुवात करा. ‘ग्रिम फँडँगो’ (१९९८) या घराण्यातला सर्वांत देखणा. मेलेल्यांच्या जगातल्या प्रवास कंपनीचा एजंट मॅनी कालाव्हेरा आणि चार वर्षांत विभागलेली त्याची गोष्ट. तो २०१५ च्या सुधारित आवृत्तीतच घ्या. जुन्या सीडीवरच्या आवृत्तीत मालवाहू लिफ्ट आणि फोर्कलिफ्टचा जो प्रसंग आहे, तो वेगवान प्रोसेसरवर इतक्या झपाट्याने उरकतो की मधे थांबणं जमतच नाही आणि गेम तिथेच अडकतो. नव्या आवृत्तीत माऊसने चालवायची सोयही आहे. आपोआप सेव्ह होण्याची सोय मात्र नाही.

याच काळातल्या सिएरा कंपनीच्या गेमांबाबत सावध राहा. त्यांच्यात गेम चालू राहतो, पण जिंकणं अशक्य झालेलं असतं आणि हे तुम्हाला कुणी सांगत नाही. ‘किंग्ज क्वेस्ट ५’ (१९९०) मध्ये भूक लागल्यावर हातातला कस्टर्ड पाय खाऊन टाकलात तर पुढे हिममानवासमोर फेकायला काही उरत नाही. मांजर उंदराच्या मागे धावत जाते त्या दोन-तीन सेकंदांत जुना बूट फेकून मारला नाही, तर बऱ्याच पुढे तळघरात बांधून पडल्यावर सोडवायला कुणी येत नाही. असले गेम खेळायचेच असतील तर एकाच जागी सेव्ह करत राहू नका. दर नव्या ठिकाणी नवं नाव द्या आणि जुनं पुसू नका. सिएराचाच ‘गेब्रियल नाइट: सिन्स ऑफ द फादर्स’ (१९९३) मात्र या भीतीने टाळू नका. जेन जेन्सन यांचं लेखन, न्यू ऑर्लिन्स शहर, वूडूच्या खुनांचा तपास, आणि दहा दिवसांत बांधलेली गोष्ट: त्या दिवसाची महत्त्वाची कामं झाली की दिवस संपतो, त्यामुळे रात्री तासभर खेळणाऱ्याला थांबण्याची जागा आपोआप मिळते.

टॉर्मेंट

आता त्या याद्यांमधल्या कायमच्या पहिल्या क्रमांकाकडे येऊ. ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’, १९९९, ब्लॅक आइल स्टुडिओ. याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण कादंबरी वाचणाऱ्याला याच्याइतकं देणारा दुसरा गेम नाही आणि चुकीच्या पद्धतीने सुरू करून सर्वांत जास्त लोक सोडतात तोही हाच.

शवागारातल्या दगडी ओट्यावर एक माणूस जागा होतो. अंगभर जखमांचे व्रण, स्वतःचं नावही आठवत नाही. हवेत तरंगणारी एक कवटी, मॉर्ट, त्याच्याशी बोलायला लागते आणि त्याच्या पाठीवर गोंदलेला मजकूर त्याला वाचून दाखवते. हा माणूस मरू शकत नाही. मेला की पुन्हा उठतो, बहुतेक वेळा आधीचं सगळं विसरून. आधीच्या जन्मांत त्याने कुणाकुणाचं काय केलंय ते हळूहळू उलगडतं. मरण हा इथे खेळाचा शेवट नाही, उलट काही दारं मरूनच उघडतात.

सगळी गोम सुरुवातीच्या पडद्यात आहे. सहा गुण असतात, प्रत्येकी ९, आणि वाटायला २१ गुण हातात. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पठडीतले इतर गेम खेळलेला माणूस ते ताकदीत आणि दणकटपणात टाकतो आणि गोष्टीचा निम्मा भाग स्वतःच्या हाताने बंद करून घेतो. इथे शहाणपण (विज्डम), बुद्धी (इंटेलिजन्स) आणि छाप (करिज्मा) हे तीनच गुण संभाषणाची दारं उघडतात. शहाणपण १८, बुद्धी १६, छाप १४ असं वाटा. बरोबर २१ गुण लागतात आणि बाकीचे तीन ९ वर राहू द्या. शहाणपण जास्त असेल तर जुन्या आठवणी अधिक परत येतात आणि अनुभवाचे गुणही जास्त मिळतात. आठवणी परत आल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण लढाईतल्या गुणांपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे बोलका नायक भांडखोर नायकापेक्षा वेगाने पुढे जातो. पुढे प्रत्येक पातळीला एक गुण वाढवता येतो, तोही आधी शहाणपणात टाका.

सुरुवातीला नायक लढवय्या असतो. शवागारातून बाहेर पडून हाइव्ह या झोपडपट्टीत आल्यावर रॅगपिकर्स स्क्वेअरमध्ये मेबेथ नावाची म्हातारी सुईण शोधा आणि तिच्याकडून जादू शिकायचं बोलणं काढा. ती तीन क्षुल्लक वाटणारी कामं सांगते: बी आणणं, कपडे धुऊन आणणं, शाई आणणं. वैतागून ती टाळू नका. बुद्धी जास्त असलेल्या नायकाला जादूगार होणंच सोयीचं, आणि तिच्याशी होणारं संभाषण या गेमच्या लेखनाचा उत्तम नमुना आहे.

शवागारातही घाई नको. पहिल्या खोलीतल्या एका मुडद्याकडून किल्ली काढून घ्यावी लागते, तेवढं सोडलं तर पुढे कुणाशीही न लढता बाहेर पडता येतं. लेखनिक ढाल याच्याशी बोला. तळमजल्यावर डिओनारा या स्त्रीचं भूत भेटतं, तिचं बोलणं मधे तोडू नका. त्यातूनच मेलेल्या साथीदाराला उठवण्याची शक्ती परत आठवते. चालत्या मुडद्यांवरही टिचकी मारून वर्णन वाचत जा, काहींच्या वर्णनात कामाच्या गोष्टी दडलेल्या आहेत.

उणिवाही स्पष्ट सांगतो. लढाई कंटाळवाणी आहे. स्पेसबार दाबून खेळ थांबवा, हुकूम द्या, पुन्हा चालू करा, आणि अडचणीची पातळी खाली ठेवा. कर्स्ट गावापासून पुढे लढाया वाढतात आणि लेखन विरळ होतं. तिथे बऱ्याच ठिकाणी न लढता पळत पुढे गेलं तरी चालतं. शेवट मात्र पुन्हा पहिल्या दर्जाचा आहे, आणि शहाणपण-बुद्धी वाढवत आला असाल तर तो तलवारीशिवाय, बोलून सुटतो. मजकूर आठ लाख शब्दांच्या आसपास असल्याचं सांगितलं जातं. गेम जिथे सुरू होतो त्या सिजिल शहरातले लोक ‘कटर’, ‘बर्क’, ‘बार्मी’ असे बोलीतले शब्द सतत वापरतात. साध्या शब्दकोशात ते शोधत बसू नका, दोन-तीन तासांत संदर्भाने कळायला लागतात. घेताना बीमडॉगची २०१७ ची एनहान्स्ड एडिशन घ्या. मजकूर तोच आहे, पण अक्षरं मोठी करता येतात. १९९९ ची आवृत्ती ६४० बाय ४८० ची, आजच्या लॅपटॉपवर डोळे दुखतात. रोज तासभर धरला तर सहा-सात आठवडे पुरतो.

घड्याळाबरोबर खेळायचे

एवढं वाचणं जड वाटत असेल तर ‘फॉलआउट’ (१९९७). अणुयुद्धानंतरचं कॅलिफोर्निया, जमिनीखालच्या व्हॉल्ट १३ मध्ये राहणारी माणसं, आणि पाणी शुद्ध करणारी चिप बिघडलेली. नवी आणायला तुम्हाला १५० दिवस दिलेले. लढाई आळीपाळीची, संभाषणं छोटी आणि धारदार, पंधरा-वीस तासांत संपतो. गुणांची वाटणी पहिल्या खेपेला अशी करा: ताकद ५, नजर (पर्सेप्शन) ७, दम (एन्ड्युरन्स) ४, छाप ३, बुद्धी ८, चपळाई ९, नशीब ४. लहान बंदुका, बोलणं आणि कुलपं उघडणं ही तीन कौशल्यं निवडा. बुद्धी ४ च्या खाली नेलीत तर नायकाला धड वाक्यही बोलता येत नाही आणि लोक त्याला हाकलून देतात. दुसऱ्या खेपेला हे मुद्दाम करून बघण्यासारखं आहे, पहिल्या खेपेला नाही.

दिवस वाया जातात ते नकाशावरच्या प्रवासात आणि जखमा भरायला विश्रांती घेण्यात. नेहमीची चूक म्हणजे शेडी सँड्स या गावातून दोर न घेता व्हॉल्ट १५ ला जाणं. खाली उतरता येत नाही, परत फिरावं लागतं. हब शहरातल्या पाणी व्यापाऱ्यांना पैसे देऊन व्हॉल्टला पाणी पाठवलं तर १०० दिवस वाढवून मिळतात. इयान हा साथीदार उपयोगी आहे, पण त्याच्या हातात एकदम फैरी झाडणारी बंदूक देऊ नका. समोर तुम्ही असलात तरी तो झाडतो. अरुंद दारात तो वाट अडवून उभा राहतो तेही गृहीत धरा. आत शिरण्याआधी सेव्ह करणं हा एकच उपाय.

घड्याळाचाच विषय निघाला म्हणून ‘द लास्ट एक्सप्रेस’ (१९९७) सांगतो. जॉर्डन मेकनर यांचा हा गेम, आणि याच्यासारखा दुसरा झालाच नाही. जुलै १९१४, पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलला निघालेली ओरिएंट एक्सप्रेस, महायुद्ध तोंडावर. गाडीतली माणसं तुमच्यासाठी थांबत नाहीत. ती आपापल्या वेळेला जेवतात, भांडतात, डबा बदलतात. तुम्ही जेवणाच्या डब्यात बसून एक संभाषण ऐकत असता तेव्हा दुसऱ्या डब्यात दुसरं काही घडून जातं. खेळातला वेळ खऱ्या वेळेच्या सहापट धावतो. सेव्ह करावंच लागत नाही. चुकलात तर मेनूतल्या घड्याळाचे काटे मागे फिरवून आधीच्या स्थानकावर जायचं. लोक इथे गोंधळतात, त्यांना वाटतं मागे गेलो म्हणजे हरलो. मागे जाणं हीच खेळण्याची पद्धत आहे. हेडफोन लावून खेळा, भिंतीपलीकडची कुजबुज महत्त्वाची असते.

‘ब्लेड रनर’ (१९९७, वेस्टवुड) त्याच वर्षाचा. त्याच नावाच्या चित्रपटाच्या जगात घडणारा, पण गोष्ट वेगळी. कोण माणूस आणि कोण कृत्रिम, याची वाटणी काही पात्रांबाबत प्रत्येक नव्या खेळीला बदलते, म्हणून मित्राने सांगितलेला शेवट तुमच्या कामाचा नाही. मूळ गेमला सबटायटल्स नव्हती; स्कमव्हीएममध्ये चालवताना ती वेगळी जोडता येतात. २०२२ ची एनहान्स्ड आवृत्ती टाळा, मूळ फाइली आणि स्कमव्हीएम हाच चांगला मार्ग.

बंदुकीचे गेम, जर हात शिवशिवत असतील

व्हाइस सिटीवर वाढलेल्याला हे जवळचे वाटतील. त्या काळात सीडीवर हातोहात फिरलेल्या अनेक प्रती ‘रिप’ असत. फाइल लहान करण्यासाठी चित्रफिती, संगीत, कधी संवादही काढून टाकलेले. त्यामुळे ‘मॅक्स पेन’ आपण खेळलोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात फक्त गोळीबार खेळलेला असतो. मूळ प्रत घेऊन पुन्हा खेळा. २००१ चा हा गेम आठ-दहा तासांचा आहे, गोष्ट चित्रकथेसारख्या चौकटींतून येते आणि मजकूर वाचायला समोर असतो. नव्या विंडोजवर त्यात संगीत आणि काही आवाज गायब होतात, कारण जुन्या पद्धतीने दाबलेल्या ध्वनिफाइली नीट उलगडत नाहीत. चाहत्यांनी काढलेला दुरुस्तीचा पॅच टाकला की सगळं परत येतं. व्हाइस सिटी पुन्हा खेळणार असाल तर फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं दाखवायची याची मर्यादा) बंद करू नका. तो बंद केला की गाड्यांचं वागणं आणि काही मिशनं बिघडतात.

‘माफिया’ (२००२, इल्यूजन सॉफ्टवर्क्स) मला व्हाइस सिटीपेक्षा कथेच्या दृष्टीने फार वरचा वाटतो. टॅक्सी चालवणारा टॉमी अँजेलो कॅफेत पोलीस अधिकाऱ्यासमोर बसून आपली कहाणी सांगतो आणि आपण ती जगतो. शहर मोठं आहे पण उनाडायला नाही. वेगमर्यादा मोडली तरी पोलीस थांबवतात, म्हणून वेग आवरणारं बटण शोधून ठेवा. मोटारींच्या शर्यतीचं मिशन कुप्रसिद्ध आहे, तिथे कित्येकांनी गेम कायमचा सोडला. नंतरच्या पॅचमध्ये शर्यतीची अडचण कमी करता येते, ती आधीच कमी करून टाका. गॉग या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर मिळणाऱ्या आवृत्तीत त्या काळची परवान्याची गाणी नाहीत. २०२० चा नवा अवतार तुमच्या लॅपटॉपला झेपणार नाही, आणि त्यातले संवादही नव्याने लिहिलेले आहेत.

‘डेस एक्स’ (२०००, आयन स्टॉर्म) हा या गटातला मुकुटमणी. ‘आता निवड करा’ अशी पाटी हा गेम लावत नाही. तुम्ही जे करता तीच निवड धरतो. मुख्यालयात चुकून बायकांच्या स्वच्छतागृहात शिरलात तर नंतर साहेब त्यावरून झापतो. एवढ्या बारीक गोष्टीची दखल घेणारा गेम मोठ्या प्रसंगांतही तुमच्या पावलाची नोंद ठेवतो. म्हणून कुणी ‘इथून निघ’ म्हटलं की लगेच निघायचं का, याचा स्वतः विचार करा. पोहण्याच्या कौशल्यात गुण घालवू नका. फ्रेम ६० वर बांधा, नाहीतर हालचाल आणि संवाद घाईत धावायला लागतात.

‘व्हँपायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’ (२००४, ट्रॉइका) फक्त प्रौढांसाठी. तो अर्धवट अवस्थेत, तोही हाफ-लाइफ २ च्याच दिवशी बाजारात आला. चाहत्यांचा अनधिकृत पॅच न टाकता तो सुरूच करू नका. गॉगच्या प्रतीत मूळ पॅच आधीच असतो. नायक स्वतःच व्हँपायर असतो आणि त्याचं कुळ तुम्ही निवडता; पहिल्या खेपेला टोरिडॉर कुळ घ्या. नॉसफेराटू कुळातल्याला चारचौघांत दिसण्याची मुभा नाही, आणि माल्केव्हियन कुळातला वेड्यासारखं बोलतो, ते ऐकण्यात गोष्ट आधी माहीत असली तरच मजा. सँटा मोनिकातलं ओशन हाऊस हॉटेल रात्री दिवे मालवून खेळा: एकही शत्रू नाही, आणि तरी पुढच्या खोलीत जायला पाय उचलत नाही. एक कौशल्य मात्र लढाईचं ठेवाच. शेवटचे काही तास बोलून सुटत नाहीत आणि फक्त बोलण्यावर गुण लावलेले लोक तिथे अडकतात.

‘स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ (२००३) मध्ये पहिला ग्रह टारिस संथ आहे, तो सहन करा. लढाईनंतर नायक जागचा हलेनासा झाला तर ग्राफिक्सच्या सेटिंगमधलं व्ही-सिंक चालू करा. फ्रेम फार वाढल्याने ते होतं. मधेच बंद पडत असेल तर गेमच्या आयएनआय फाइलमध्ये ग्राफिक्सच्या भागात ‘डिसेबल व्हर्टेक्स बफर ऑब्जेक्ट्स’ ही ओळ घालून तिच्यापुढे १ लिहा. दुसऱ्या भागासाठी घाईत कापून टाकलेला मजकूर परत आणणारा ‘रिस्टोअर्ड कंटेंट’ हा मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल, लागतोच. तो ताज्या इन्स्टॉलवर, खेळ सुरू करण्याआधी टाका. अर्ध्यावर टाकला तर जुनी सेव्ह बिघडते.

घेताना आणि बसवताना

माळ्यावरच्या जुन्या सीड्यांवर विसंबू नका. १९९० च्या दशकातले बरेच इन्स्टॉलर १६ बिटचे आहेत, ते ६४ बिट विंडोजवर उघडतच नाहीत. पुढच्या काळातल्या सीड्यांवर सेफडिस्कसारखं कुलूप असे. त्याचा ड्रायव्हर विंडोज १० चालू देत नाही, म्हणून अस्सल सीडी असूनही गेम सुरू होत नाही. त्यापेक्षा गॉग किंवा स्टीमवर सेलमध्ये घ्या. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. गॉगवर ३० दिवसांची मुदत आहे आणि इन्स्टॉलर उतरवून पेनड्राइव्हवर कायमचा ठेवता येतो. एकाच किमतीला दोन्हीकडे असेल तर गॉगचा घ्या.

‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये जुना गेम बसवू नका. हे गेम स्वतःच्याच फोल्डरमध्ये सेव्ह लिहितात. विंडोज तिथे लिहू देत नाही आणि त्या फाइली गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवते. मग मॉड लागू होत नाही, सेव्ह सापडत नाही. सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ असा वेगळा फोल्डर करा. ‘डायरेक्टप्ले’ हवा असा निरोप आला तर विंडोज फीचर्समधल्या ‘लेगसी कंपोनंट्स’खाली त्याच्यापुढे खूण करा. पडद्याचा कोपराच दिसत असेल किंवा माऊस भलतीकडे लागत असेल, तर गेमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथे हाय डीपीआय ओव्हरराइड चालू करा. रंग फाटत असतील किंवा पडदा काळा राहत असेल तर ‘डीजीव्हूडू २’ हा जुने ग्राफिक्स नव्या विंडोजवर चालवणारा प्रोग्रॅम घ्या आणि त्याच्या एमएस फोल्डरातल्या एक्स८६ मधल्या डीएलएल फाइली गेमच्या फोल्डरमध्ये ठेवा. एका वेळी एकच बदल करून गेम चालवून बघा, नाहीतर कशाने सुटलं आणि कशाने बिघडलं ते कळत नाही. प्रत्येक गेमच्या ज्ञात अडचणी पीसीगेमिंगविकीवर गेमनिहाय लिहिलेल्या आहेत. विकत घेण्याआधीच ते पान वाचा.

कोड्यात अडकलात तर अर्धा तास स्वतः झगडा, मग इशारा बघा. पूर्ण उत्तर लिहिलेल्या पानाऐवजी ‘युनिव्हर्सल हिंट सिस्टिम’ वापरा. त्यात इशारे एकामागून एक उघडतात, पहिल्या इशाऱ्यालाच बहुधा काम होतं आणि पुढची गोष्ट फुटत नाही.

तुमच्या वेळेचा आणि आवडीचा विचार करता क्रम असा ठेवा: आधी बिनीथ अ स्टील स्काय, मग फॉलआउट, त्यानंतर लास्ट एक्सप्रेस किंवा माफिया यांपैकी जो मनात येईल तो. टॉर्मेंट दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत सुरू करा. शवागारातून बाहेर पडून मेबेथपर्यंत पोचायला तीन-चार तास लागतात, तेवढे सलग दोन दिवसांत झाले की पुढचा गेम रोजच्या तासाभरात बसतो.